एकतीस दिवसांचे पान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. इंग्रजी, जाडजूड, पाणपक्ष्यांची माहिती सांगणारे. माझा जन्म छापखान्यातला. पण मला शहाणपण आले ते ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावाच्या वाचनालयात.

तिथे कपाटांना दारेच नव्हती. मुले मला जमिनीवर पसरून माझ्यावर बिस्किटे खात. एकाने तर मला तळ्यावर नेऊन चक्क पाण्यात पाडले. तिथल्या बाईंनी मला पंख्यापुढे वाळवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीवर ठेवले. वीस वर्षे माझा नुसता पिट्ट्या पडला. शेवटी त्यांनी मला चार नाण्यांत विकून टाकले, निरोपाचा एक शब्दही नाही! त्याचा राग मला अजून आहे.

मला घेतले तिथे नोकरीला असलेल्या उमेंद्रने. तो गोंदियाजवळच्या मुर्रीचा. त्याने मला आपल्या गावच्या वाचनालयाला भेट दिले. ग्रंथपाल जागेश्वर यांनी मला नवे कव्हर घातले, शेजारी डांबराच्या गोळ्या ठेवल्या, दसऱ्याला हळदकुंकू वाहिले आणि काचेच्या कपाटात घालून कुलूप लावले. सात वर्षांत मला कुणी उघडले नाही. इतका मान मिळाला की जीव नकोसा झाला.

यंदा गावातले शेतकरी बकाराम यांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सारस पक्ष्यांच्या जोडीने घरटे केले. दोन अंडी घातली. त्यांच्यासाठी बकारामांनी बांधीत पाणी अडवून ठेवले होते. पण धान पिकले, पाणी सोडायची वेळ आली. पाणी गेले की कुत्र्यांना घरट्यापर्यंत वाट मोकळी. त्या गुरुवारी त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी दामिनी धावतच वाचनालयात आली.

"काका, ते पक्ष्यांचं पुस्तक द्या न. बाबा म्हणते, कोंबडीले एकवीस दिवस लागतेत, आज बाविसावा, अंडी सडली. ऐकूनच नाही राहिले. मोबाइलवर दाखवलं त म्हणते, छापलेलं दाखव."

"सोमवारी तपासणी आहे," जागेश्वर म्हणाले. "कपाट रचून झालं. मंगळवारी ने."

"मग बाबालेच इथं आणतो. एकच पान दाखवा."

"आज तुझा बाबा येईन, उद्या दहा जण येतीन."

वाचनालयात दहा जण येतील! केवढे हे संकट! सारसाची अंडी उबवायला सुमारे एकतीस दिवस लागतात, हे माझ्या एकशे बाराव्या पानावर स्वच्छ छापलेले आहे. मी काचेमागे नुसते तडफडत होते. दामिनी रिकाम्या हाताने गेली.

सोमवारी साहेब आले. त्यांनी मला काचेतूनच पाहिले आणि शेरा लिहिला, 'पुस्तकांची निगा उत्तम.' मंगळवारी जागेश्वरांनी शब्द पाळला. मला बाहेर काढून रस्त्याने जाणाऱ्या दामिनीला त्यांनी स्वतः हाक मारली.

"आता कायले, काका?" ती दारातूनच म्हणाली. "बाबानं शुक्रवारीच पाणी सोडलं. कुत्र्यायनं अंडी फोडली. आत पिल्लं होती."

 

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे कुणी कपाटात असेल. चिखलाच्या हातांनी या, पान फाटले तरी मी रागावणार नाही. पण 'मंगळवारी ने' असे कुणी सांगितले, तर तिथून हलू नका.