तारेने बांधलेला ब्रेक

सकाळी सात वाजता जावईबापूंनी मला टेम्पोत ठेवलं. माझा ब्रेक तारेने बांधलेला होता.

मित्रांनो, मी एक जुनी यंत्र-करवत आहे. दुकानात मला चेनसॉ म्हणतात, या घरात नुसतं मशीन. जावईबापूंच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, मला विकत घेतलं. जन्मभर झाडं तोडलेला माणूस. दुकानदार त्यांच्यापुढे लांबलचक पात्याचं मशीन सरकवत होता.

"मोठं घ्या हो, कुठलंही झाड आडवं होईल."

मामांनी ते उचललं, तोललं आणि खाली ठेवलं. "झाड मोठं असेल, हात माझेच आहेत ना? दुपारपर्यंत मीच आडवा होईन."

मग त्यांनी मला हातात घेतलं आणि सगळ्यात आधी वरच्या मुठीपुढची ढाल मनगटाने ढकलून पाहिली. खट्ट आवाज झाला. ती ढाल म्हणजेच माझा ब्रेक. पात्याचं टोक कुठे अडकलं की मी एकदम उसळते, ती थेट धरणाऱ्याच्या तोंडाकडे. त्या क्षणी हात ढालीवर आदळतो आणि साखळी जागच्या जागी थांबते.

मामांनी माझे लाड केले नाहीत, पण हयगयही केली नाही. पेट्रोलची टाकी संपली की कानशीने धार लावायची. साखळी बोटांनी उचलून सोडायची. ती लोंबायला नको आणि जखडायलाही नको. फिकट लाकडासमोर साखळी पळवायची आणि त्यावर तिच्या तेलाची रेघ उमटली तरच काम सुरू करायचं. माझ्या प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने केवढा घास घ्यायचा ते तो ठरवतो. त्याला मामा फार जपून कानस लावत.

पुढे मामांच्या खांद्याला माझं वजन पेलेनासं झालं आणि मी जावईबापूंच्या हाती आले. माणूस कष्टाळू, दिलदार, पण सदा घाईत. त्यांनी ते उंचवटे घासून सपाट केले.

"आता बघा कसं खातंय!"

खरंच, भुशाऐवजी ढलपे उडू लागले. मजुरांनी वाहवा केली. पण घास वाढला, तशी मी उसळूही लागले. परवा माझं टोक एका फांदीत अडकलं आणि मी त्यांच्या गळ्याकडे झेपावले. हात ढालीवर आपटला, साखळी थांबली, ते वाचले. त्यांना मात्र वेगळंच वाटलं.

"भंगार झालंय हे! सारखं मधेच बंद पडतं."

त्यांनी तार आणली आणि ढाल मागे ओढून मुठीला करकचून बांधली, म्हणजे ती पुढे ढकललीच जाणार नाही.

आज सकाळी मामा चहाचा कप घेऊन टेम्पोपाशी आले. त्यांना तार दिसली. शेजारी दोन मजूर उभे होते.

"जावईबापू, मशीन जरा बघून देऊ का?"

"कशाला मामा? लोण्यासारखं कापतंय. तुम्ही आराम करा."

मामा बाजूला झाले. टेम्पो सुरू होता होता त्यांच्या लेकीचा आवाज माझ्या कानावर आला.

"बाबा, तार बघितलीत ना? मग बोलला का नाहीत?"

"चार माणसांत जावयाला काय बोलू गं? त्यांना कमीपणा येईल."

"येऊ दे ना! कमीपणा घेऊन का होईना, घरी तर येतील!"

आता आम्ही एका शाळेच्या आवारात आहोत. वादळाने पडलेलं झाड दारातच आडवं झालं आहे आणि मुलं यायच्या आत वाट मोकळी करायची आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र मधेच थांबलं, तर चिडण्याआधी ते कशासाठी थांबलं ते विचारा. आणि कुणी चुकताना दिसलं, तर भिडेपोटी तोंड मिटून बसू नका.

"दादा, फोन वाजतोय. वहिनींचा आहे," एक मजूर म्हणाला.

"एवढी फांदी होऊ दे, मग घेतो."

दोरी ओढली गेली. माझं इंजिन सुरू आहे. रस्त्याच्या वळणावर मामांची स्कूटर दिसते आहे. ते एका हाताने ती चालवत दुसरा हात हलवत आहेत. काहीतरी ओरडतही असावेत, पण माझ्या आवाजापुढे ते कुणालाच ऐकू येत नाही. जावईबापूंची पाठ तिकडे आहे. माझं टोक दोन फांद्यांच्या बेचक्यात शिरलं आहे.