समोरच्या घराला विचारून

देवासच्या हद्दीच्या गल्लीत घराच्या दर्शनी बाजूला साधा खिळा ठोकायचा झाला तरी आधी समोरच्या घरी विचारतात. हा काही कायदा नाही. पण अशोक पागनीसांच्या आजोबांनी विचारलं, वडिलांनी विचारलं, आणि खुद्द अशोकरावांनीही सज्ज्याला हिरवा रंग द्यायचा की तपकिरी, हे जन्मभर समोरच्या जयवंतीताईंना विचारूनच ठरवलं. फक्त एकदा विचारलं नाही, आणि त्या एका वेळी काय झालं तेच सांगायचं आहे.

गल्लीचं असं आहे. देवासला एके काळी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि गाव दोघांत वाटलेलं. ही गल्ली नेमकी वाटणीच्या रेघेवर. एका बाजूची घरं थोरल्या पातीच्या कारकुनांची, दुसऱ्या बाजूची धाकट्या पातीच्या. एकानं सज्जा काढला की समोरच्याला कमीपणा नको म्हणून तोही तेवढाच सज्जा काढी. इकडे चार खांब तर तिकडे चार खांब. पुढे या चढाओढीला सगळेच कंटाळले असतील आणि आधी विचारून घ्यायची रीत पडली असेल. राजे गेले, पात्या गेल्या, घरं मात्र एकमेकांसमोर तशीच उभी राहिली.

अशोकराव भूगोलाचे मास्तर होते, आता निवृत्त. माणूस गोड, पण घराचा विषय निघाला की अंगावर मूठभर मांस चढायचं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते आपल्या सज्ज्यात यायचे आणि समोर जयवंतीताई त्यांच्या सज्ज्यात. ताई त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, लहानपणी त्यांनी अशोकला हाताला धरून देवीच्या टेकडीवर नेलेलं. दोघांचं बोलणं सज्ज्यातून सज्ज्यात चाले. गल्ली इतकी अरुंद की आवाज चढवावा लागत नसे. मधून रिक्षा गेली तर तेवढं थांबायचं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा दुखतोय, पोह्यांत आज शेव कमी का, सगळं त्या चहात येऊन जाई. ताई एकट्या होत्या, पण या सज्ज्यामुळे त्यांना कधी एकटं वाटलं नाही, आणि अशोकरावांनाही त्या चहाशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नसे.

गेल्या वर्षी जुन्या बाजाराचा भाग वारसा म्हणून जपणुकीत घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी एक समिती नेमली गेली. जपणुकीत आलेल्या गल्ल्यांना हात लागणार नव्हता. बाकीच्या रुंद व्हायच्या होत्या, आणि हद्दीची गल्ली रुंद करायची म्हणजे दोन्हीकडचे सज्जे जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. समितीकडून घरं बघायला मधुवंती नावाची मुलगी आली. आर्किटेक्ट, मूळची धारची. अशोकरावांच्या पत्नी सरलाताईंचं माहेर धार, त्यामुळे तिला पहिल्याच दिवशी जेवूनच जावं लागलं.

"धारची पोरगी आहे, नीट बघेल," सरलाताई म्हणाल्या. देवासच्या माणसांना नीट बघता येत नाही असं त्यांचं लग्नापासूनचं मत होतं.

मधुवंतीनं महिनाभर मोजमापं घेतली आणि एक दिवस सांगायला आली. कोपऱ्यावरचं उदाजीरावांचं घर 'मुख्य' ठरलं होतं. त्यांच्या दाराला दगडी महिरप, महिरपीवर मोर.

"आणि आमचं?" अशोकरावांनी विचारलं.

"काका, तुमचं योगदानवाल्या कॅटेगरीत आहे. म्हणजे अकेलं बघितलं ना, तर साधंच आहे, पण..."

'पण'च्या पुढचं अशोकरावांनी ऐकलंच नाही. ती पोरगी पुढे बराच वेळ बोलत होती, हातवारे करून समोर दाखवत होती, आणि हे आपले मान डोलवत मनात एकच शब्द घोळवत बसले होते. साधं! आजोबांनी बांधलेलं घर साधं, आणि उदाजीरावांचे ते वाकड्या मानेचे मोर मुख्य! त्या संध्याकाळी उदाजीराव मुद्दाम गल्लीतून दोनदा फिरून गेले आणि दोन्ही वेळा वर बघून हसले. अशोकरावांना ते फार लागलं.

समिती शेवटचं बघायला दिवाळीनंतर यायची होती. दिवाळी झाली आणि धारला सरलाताईंच्या भाच्याचं, प्रणवचं, लग्न निघालं. लग्न बागेत होतं आणि स्टेजमागे अख्खा राजवाडा उभा केला होता: झरोके, छत्र्या, जाळ्या, दोन्ही बाजूंना सोंड उचललेले हत्ती. सगळं फायबरचं. अशोकराव जेवणाचं ताट हातात धरून त्याच्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. सजावटवाला शालिग्राम जवळ आला.

"पसंद आया, मास्साब? घर पे भी लगा देता हूँ. असली से जादा असली लगेगा."

परतताना गाडीत अशोकरावांनी बेत सांगितला. सरलाताईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "समोर विचारलंत का?"

"ताई खातेगावला गेल्यात ना, भाचीकडे. आल्या की बघतीलच. सरप्राइज."

"फोन असतो त्यांच्याकडे."

अशोकराव खिडकीबाहेर बघू लागले. खरं सांगायचं तर ताई नाहीत हेच त्यांना सोयीचं वाटत होतं. विचारलं असतं तर ताई 'नको' म्हणाल्या असत्या, हे त्यांना ठाऊक होतं.

शालिग्रामची माणसं आली, ठोकाठोकी झाली, आणि पागनीसांच्या घराला गुलाबी झरोके फुटले. सज्ज्यावर जाळी बसली. दारावर दोन हत्ती आले. बसत नव्हतं तिथे थोडं कापावंही लागलं. उदाजीराव येऊन बघून गेले आणि या वेळी हसले नाहीत, त्यामुळे अशोकरावांना बरं वाटलं. दोन-तीन पोरींनी दारात उभ्या राहून फोटो काढले तेव्हा तर फारच बरं वाटलं.

मग जयवंतीताई आल्या. सकाळी चहाचा कप घेऊन सज्ज्यात आल्या, चष्मा पुसला, परत लावला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "लग्न कुणाचं?"

अशोकराव हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी सज्ज्याची चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, खाली सोडली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी चिक खालीच. तिसऱ्या दिवशीही. अशोकराव जाळीच्या भोकातून समोर बघत चहा प्यायचे आणि चहा बेचव लागायचा. सरलाताईंनी साखर वाढवून पाहिली, उपयोग झाला नाही. या घरात इतकी शांत सकाळ कधी झाली नव्हती, आणि ती शांतता अशोकरावांना मुळीच सोसत नव्हती.

अशातच मधुवंती समितीच्या आधी एकदा नजर टाकायला आली. गल्लीत स्कूटी थांबवली आणि हेल्मेट न काढताच ओरडली, "काका! ये क्या कर दिया आपने?"

"साधं होतं ना. जरा भारदस्त केलं."

ती पायरीवरच बसली. "काका, मी त्या दिवशी समजावलं होतं की. तुमचं घर साधं आहे, पण समोरचं त्याची जोड आहे. ऐसी पूरी गल्ली आहे, जोड्या-जोड्यांची. एकेक घर मामुली, सगळी मिळून मात्र अशी गल्ली मी दुसरीकडे बघितलीच नाही. गल्ली मोजली जाते ती त्याच्यामुळे. आता तुमचं बाद, म्हणून ताईंचं पण बाद. ऐन मधली जोडी गेली तर गल्लीच नाही उरत."

"म्हणजे सज्जे..."

"दोन्हीकडचे जातील, काका."

अशोकरावांनी वर ताईंच्या सज्ज्याकडे पाहिलं. आपला सज्जा गेला असता तर एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण ताईंचा सज्जा आपल्या हत्तींपायी जाणार, या विचारानं त्यांना तिथे उभं राहवेना. ते तसेच पायात चपला न घालता गल्ली ओलांडून गेले.

विचारायला जायची खरी पद्धत ते विसरूनच गेले होते. पूर्वी विचारणारा समोरच्या घरी जायचा, आणि घरची माणसं त्याला आपल्या सज्ज्यात नेऊन उभं करायची. पुढे सज्ज्यातून सज्ज्यात बोलायची सवय लागली आणि जाणं सुटलं. ताईंनी मात्र दार उघडलं, जिना दाखवला, आणि वर जाऊन चिक वर केली.

अशोकराव लहानपणानंतर पहिल्यांदाच तिथे उभे होते. समोर त्यांचं घर होतं. डावीकडे फणश्यांचे लाकडी खांब, उजवीकडे देवळेकरांचा सज्जा, सगळं एका ओळीत चाललेलं, आणि मध्येच हा गुलाबी ऐवज, दोन हत्तींसकट. कुणाचंही लग्न नसताना उभारलेला मांडव! त्यांना लाजही वाटली आणि हसूही आलं.

"ताई, विचारायला आलोय," ते म्हणाले. "काढू का?"

"लावताना नाही आलास ते."

"चुकलं."

"अरे, तुझं घर तू कधी बघतोस?" ताई म्हणाल्या. "तू आत असतोस. बघत मी असते. जन्मभर सकाळी उठून तेच बघतेय. मी चार दिवस गावाला काय गेले, माझ्या डोळ्यांसमोरचं उचलून नेलंस."

अशोकराव समोरच्या आपल्या घराकडे बघत राहिले. आपल्या घराची दर्शनी बाजू खरं म्हणजे समोरच्याची असते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. रीत का पडली ते आत्ता उमगलं. त्यांनी डोळे पुसले. ताईंनी न बघितल्यासारखं केलं आणि चहा ठेवला.

दुपारीच शालिग्रामला बोलावलं. ताई आपल्या सज्ज्यातून हुकूम सोडत होत्या, "वो हाथी पहले निकालो भैया, वो मेरे को घूरता है!" हत्ती निघाले, झरोके निघाले, जाळी निघाली. पण सज्ज्याखालच्या चार लाकडी टेकूंपैकी एकाचं टोक गायब होतं. प्रत्येक टेकूच्या टोकाला कमळाची कळी कोरलेली होती. जाळी बसवताना ही एक कळी आड आली, म्हणून माणसांनी ती करवतीनं उडवली होती, आणि ती कचऱ्यात कधीच गेली होती.

मधुवंतीचा चेहरा पडला. अशोकराव तर मटकन ओट्यावर बसले.

"रीतीप्रमाणे आता माझीही एक कळी कापायला हवी," ताई वरून म्हणाल्या. "तुझ्या तीन, माझ्या चार, हे चालायचं नाही."

"ताई, नको!" अशोकराव खरोखरच घाबरले.

"मग ने ना माझ्या कळीचं माप. अगदी तश्शीच आहे."

खरंच तशीच होती. एकाच सुतारानं दोन्हीकडच्या कळ्या कोरलेल्या, ना याची पाकळी जास्त, ना त्याची. मधुवंतीनं ताईंच्या सज्ज्याखाली शिडी लावली, कळीवर कागद धरून तिचा आकार उतरवून घेतला, आणि लोहारद्याहून आणलेल्या सुतारानं जुन्या सागवानाची नवी कळी करून बसवली. रंग थोडा उजळ पडला. मधुवंती म्हणाली, असू दे, दुरुस्ती दिसलेली बरी. अशोकरावांनी तरी ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, असू दे, मला ती ओळखू येते.

समिती आली, वर-खाली बघून गेली, आणि उन्हाळा लागायच्या आत निकाल आला. हद्दीची गल्ली जपणुकीत गेली. पागनीस आणि जयवंतीताई यांची घरं मिळून एक नोंद झाली होती, म्हणून पाटीही एकच आली, पितळेची. मधुवंती पाटी घेऊन गल्लीत उभी राहिली आणि तिला कळेना की कुठल्या भिंतीवर लावायची. सरलाताईंनी डोळ्यांनी नवऱ्याला खुणावलं. या पाटीसाठी माणसानं काय काय केलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

"समोर लाव," अशोकराव म्हणाले.

"अहो, आणि आपल्याकडे?"

"आपल्या भिंतीवर लावली तर मला दिसणार कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आपापल्या सज्ज्यांत चहा घेऊन बसले. पाटी ताईंच्या सज्ज्याखाली चमकत होती. ताईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं, पण त्यांना ती काही दिसेना.

"अशोक, काय लिहिलंय रे? वाच की."

अशोकरावांनी कप खाली ठेवला आणि लांबचा चष्मा लावला. खालून एक रिक्षा चालली होती, ती जाईपर्यंत थांबले. कोपऱ्यावर उदाजीराव दूध घेऊन उभे होते. मग अशोकरावांनी वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, वाचलं, "योगदान देने वाला भवन. जोड़ी."

"परत वाच," ताई म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.