नावाडणीचे फासे

फासा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला, थबकला, आणि त्यावर एक दिसला.

"गेला तुमचा सरदार!" वहिनीने टाळी वाजवली. "पुलावरून थेट पाण्यात!"

प्रकाशक हसले. खेळ छापण्याआधी एकदा खेळून पाहावा म्हणून ते आले होते, त्यामुळे पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आता उठायचं," धाकटीने सांगितलं, "आणि आपले फासे सगळ्यांना एकेक वाटून टाकायचे. इथली पद्धत आहे. मग नवं पात्र घेऊन बसायचं."

प्रकाशकांनी फासे मुठीतच ठेवले आणि दादाकडे पाहिलं.

दादा धाकटीचा थोरला भाऊ आणि खेळाचा सूत्रधार. गोष्ट तो सांगायचा, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचे, आणि संकटात तरलं कोण, बुडालं कोण, ते फासा ठरवायचा. खेळ दोघा भावंडांनी मिळून रचला होता. दिवसभर शाळेचे गणवेश शिवून झाले की धाकटी कापड बेतायच्या टेबलावरच त्याचे नकाशे काढत बसे.

"पुन्हा टाका," दादा म्हणाला. "फासा बशीला लागला."

"बशी फाशापासून वीतभर लांब आहे, दादा."

"अगं, पाहुणे आहेत ते!"

याच पुलाखाली पूर्वी धाकटीचं पात्र, एक नावाडीण, बुडालं होतं. आई अंथरुणाला खिळलेली असताना आठवड्यातली एक संध्याकाळ ती घराबाहेर पडे, ती नावाडीण होण्यासाठी. घरी तिला दिवसभर हाका असत. इथे मात्र तिला विचारल्याशिवाय कुणी नदीत पाय टाकत नसे. मग एके दिवशी एक पडला. पुन्हा टाकू दे म्हणून तिने भावापुढे चक्क हात जोडले होते. दादा हलला नव्हता. "तुझ्यासाठी वाकवला, तर तो नियम कुणाचाच राहणार नाही," तो म्हणाला होता. रुसून ती कितीतरी दिवस फिरकली नाही. परत आली, ती त्याचं म्हणणं पटलं म्हणून. 'मेलेलं पात्र परत येत नाही' हे नियमांच्या पुस्तकातलं पहिलं वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं.

"तूच नाही का कपड्यात जास्तीचं कापड सोडतेस?" दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "पोर वाढलं की उसवून सैल करता यावं म्हणून? तसंच हे."

"सोडते. पण सगळ्यांच्याच कपड्यात सोडते. आणि शिवतानाच."

"बरोबर आहे, ताई," प्रकाशक मध्येच म्हणाले. त्यांचा स्वर मनापासूनचा होता. "म्हणून तर परवा आम्ही ठरवलं, नियम म्हणायचंच नाही. नुसतं मार्गदर्शन. ज्याने त्याने आपल्या सोयीने वाकवावं. लोक दिवसभर हरूनच घरी येतात हो."

"परवा?" धाकटीने विचारलं.

दादा समोरचे कागद उगाचच सारखे करू लागला. "सांगणारच होतो तुला. पहिलं वाक्य तेवढं काढलंय. अगं, तुझ्याच फायद्याचं आहे! नावाडीणही येईल परत. बोल, आत्ता काठाला लावू तिची नाव?"

क्षणभर धाकटीच्या तळहातांना वल्ह्याचा भार जाणवला.

"तेव्हा का नाही लावलीस?"

"तेव्हा खेळ आपल्यापुरताच होता गं."

"मीही आपल्यातलीच होते, दादा."

धाकटी उठली. पिशवीतून तिने आपले फासे काढले. पहिला प्रकाशकांसमोर ठेवला. "घ्या. चांगले पडतात."

"वन्सं, अहो, तुमचं पात्र जिवंत आहे की!" म्हणता म्हणताच वहिनीला उमगलं. तिने मुकाट्याने ओंजळ पुढे केली.

दादाचा हात मात्र टेबलावर पालथाच होता. धाकटीने फासा त्याच्या बोटांशी ठेवला. तो घरंगळू लागला, तसा तिने बोटाने थोपवला आणि स्थिर होईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने आपली खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.