सहा गोलांची ओळख

पाहुण्या संघाच्या खोलीतल्या आरशासमोर उभं राहून लुबोनं दोन्ही तळवे छातीपर्यंत उचलले, मान जराशी खाली घातली. तेवढ्यानं बरं दिसेना, म्हणून हात थोडे फाकवले. मागच्या बाकावर बुटाच्या नाड्या आवळत बसलेला गोलरक्षक ट्रोएल्स हे सगळं बघत होता.

"मर्तिकाला चाललायस का रे?" त्यानं विचारलं. "आधी गोल तर मार."

लुबोनं तळवे पुन्हा एकदा उचलून पाहिले. जुन्या संघाविरुद्ध गोल झाला तर नाचायचं नाही, हात वर करून तिथल्या लोकांची माफी मागायची, ही रीत युरोपभर सगळे पाळतात. लुबोवर ती पाळायची वेळ कधी आलीच नव्हती. स्लोव्हाकियातून निघाल्याला तेरा वर्षं झाली, नऊ संघ झाले. पोलंड, ग्रीस, सायप्रस, ऑस्ट्रिया, आणखी कुठं कुठं. नुसतं विंचवाचं बिऱ्हाड. गोल सगळीकडे मारले, पण 'आपला लुबो' म्हणणारं गाव एकही नाही. त्यातल्या त्यात भरवसा होता तो डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या या गावाचा. सात वर्षांपूर्वी अर्ध्या मोसमापुरता तो इथं उसना आला होता आणि त्यानं सहा गोल मारले होते. इथं तरी लोक ओळखतील, एवढंच त्याला हवं होतं.

आणि इथंच एस्बेन होता. तेव्हा लुबोच्या जोडीनं आघाडीला खेळायचा. याच गावात जन्मला, याच संघात पंधरा वर्षं ठाण मांडून बसला. चाल म्हशीची, डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता. तरी फाटकाबाहेरच्या गाड्यावर त्याच्या नावाचं सॉसेज विकायला होतं. बसमधून उतरताना लुबोनं ती पाटी वाचली आणि तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. आपण दारोदार हिंडायचं, आणि जो जागचा हलला नाही त्याला लोकांनी डोक्यावर घ्यायचं. हा कुठला न्याय?

त्रेसष्टाव्या मिनिटाला डावीकडून चेंडू आला. लुबोनं तो छातीवर घेतला आणि जमिनीला लागू न देता जाळ्यात धाडला. इतका देखणा गोल त्याच्या हातून फार वर्षांत झाला नव्हता. धावत आलेल्या सोबत्यांना त्यानं मागे सारलं, यजमानांच्या गर्दीकडे तोंड केलं आणि मान खाली घालून दोन्ही तळवे वर केले.

क्षणभर कुणालाच काही उमजेना. मग यजमानांचे दोन बचावपटू रेफरीकडे धावले. बघा, चेंडू हाताला लागला हे तो स्वतःच कबूल करतोय, असं त्यांचं म्हणणं. गर्दीनं शिट्ट्यांचा गदारोळ उठवला. कॅमेऱ्यात बघून निकाल द्यायची सोय या खालच्या लीगमध्ये नव्हती. रेफरी लुबोपाशी आला.

"हाताला लागला?"

"नाही. मी इथं खेळायचो."

"मी ते नाही विचारलं."

लुबोनं गर्दीकडे पाहिलं. सहा गोलांतला एकही कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. पहिल्या रांगेतली एक म्हातारी मूठ उगारून त्याला चोर म्हणत होती.

तेवढ्यात एस्बेन आपल्या संथ चालीनं तिथं आला.

"छातीवरच घेतला त्यानं. मी समोरून बघितलंय," तो रेफरीला म्हणाला. "हात वर केले ते आमचा मान राखायला. आमच्याकडून खेळलाय तो. गोल आहे हा."

रेफरीनं मैदानाच्या मध्याकडे बोट केलं, म्हणजे गोल कायम. एस्बेनच्याच सोबत्यांनी कपाळाला हात लावला. एस्बेन गर्दीकडे वळला, छातीवर दोनदा थापटलं, हात दाखवून नकारार्थी मान हलवली. आधी शिट्ट्या थांबल्या. मग कुठून तरी एक टाळी आली, आणि बघता बघता सगळं स्टेडियम उभं राहिलं. एस्बेन, एस्बेन. म्हातारी डोळे पुसत टाळ्या पिटत होती.

"फक्कड गोल होता," जाता जाता एस्बेन म्हणाला.

"तू कशाला मध्ये पडलास?"

"मग काय, जाऊ द्यायचा होता?"

 गोल लुबोचा, आणि टाळ्या त्या म्हशीला. जळून नुसता कोळसा झाला होता त्याचा. रेफरीनं विचारलं तेव्हाच 'हो, लागला हाताला' म्हटलं असतं, तर हे सगळे आपल्यासाठी उभे राहिले असते. एस्बेन तोंडघशी पडला असता ते वेगळंच.

चेंडू मध्यावर ठेवला होता. खेळ अजून सुरू झाला नव्हता, आणि तोवर रेफरीला निकाल फिरवता येतो. रेफरी घड्याळ बघत उभा होता, शिट्टी अजून त्याच्या मुठीतच होती. सोबत्यांच्या गळामिठीतून लुबोनं स्वतःला सोडवलं आणि तो भराभर रेफरीकडे चालू लागला.