कलावतीच्या लग्नाची मडकी

ठाण्याला आमच्या नौपाड्यातल्या स्टुडिओत दारासमोरच माझं मानपत्र टांगलेलं आहे. ‘श्री. हरिहर गुप्ते यांनी मातीच्या भांड्यांवरील मराठी चित्रणाचा लोपत चाललेला वारसा पुन्हा जिवंत केला’, असं त्यात छापलं आहे. ज्या पाच मडक्यांसाठी ते मिळालं, त्यांना माझा ब्रश एकदाही लागलेला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी.

मुंबईच्या कलाशाळेतून शिकून आलो तेव्हा भट्टी कशी लावायची, झिलई कशी चढवायची, हे मला चोख येत होतं. फक्त भांड्यावर काढायचं काय, ते येत नव्हतं. चिनी ड्रॅगन काढून झाले, ग्रीक झालर काढून झाली. बघायला आलेले लोक ‘छान आहे हो’ म्हणत आणि चहा पिऊन जात.

बावन्न साली हौसाबाई माझ्याकडे माती मळायला आली. कल्याणच्या कुंभारवाड्यातली, पस्तिशीची, नुकतीच विधवा झालेली. नवरा काळुराम विषमज्वराने गेला होता. तो असेपर्यंत अख्ख्या कल्याणातली लग्नाची मडकी हीच रंगवायची. चुन्याची पांढरी वेल, गेरूचे मोर, हळदीचे ठिपके. बोहल्याशेजारी त्या मडक्यांची उतरंड उभी राहिली नाही तर लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. पण ती मडकी रंगवायचा मान सवाष्णीचा. काळुरामच्या तेराव्याला दीर दगडूने तिच्या ब्रशांची जुडी उचलून माळ्यावर टाकली. खजुरीच्या काडीची टोकं चेचून तिने स्वतः केलेले ब्रश होते ते.

एकदा दुपारी मी जेवून परत आलो तर माझ्या एका कच्च्या फुलदाणीवर वेल चढलेली. हौसाबाई भिंतीला टेकून उभी होती, चोरी सापडल्यासारखी.

“हात ऱ्हायला नाय, मास्तर,” ती म्हणाली. “पुसून टाकते.”

मी पुसू दिली नाही. वेलीत एक पान कोरं सोडलेलं दिसलं, म्हणून विचारलं.

“सासूनं शिकवलेलं. एक पान देवाचं, ते आपण भरायचं नाय.”

त्या दिवसापासून भांडी माझी आणि वेल तिची. तिने एकच अट घातली होती. “भावकीला कळू देऊ नका, वाळीत टाकतील.” मी कुंभारवाड्याला सांगितलं नाही, ते ठीकच. पण मी कुणालाच सांगितलं नाही. मुंबईत प्रदर्शन भरलं तेव्हा ‘खेडोपाडी हिंडून नमुने जमवले’ असं तोंड वर करून बोललो. मी शहापूरच्या पलीकडे कधी गेलेलो नाही.

छप्पन्न सालच्या माघात दगडू स्टुडिओत आला. हौसाबाई आतल्या खोलीत होती.

“मास्तर, पुतणीचं लगीन काढलंय. आमच्या कलावतीचं,” तो म्हणाला. “कुंभारानं मडकी बाहेरनं आणायची म्हणजे लोक हसतील. पण घरात हात ऱ्हायला नाय. बायको काढते ती वेल म्हणजे नुसतं गांडूळ. तुमचं नाव मोठं, तुम्हीच पाच मडकी द्या.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आमची वयनी हितं माती मळते. तिला तेवढं ह्या मडक्यांना शिवू देऊ नका. पोरीच्या कुंकवाचा सवाल हाय.”

मी मान डोलावली. ही मान अशा वेळी फार सहज हलते.

तो गेल्यावर हौसाबाई बाहेर आली. सगळं तिने ऐकलं होतं.

“मीच रंगवणार,” ती म्हणाली. “आन् पक्का रंग द्या, मास्तर. चुन्याची वेल पहिल्या पावसात जाती. लग्नात मला मांडवात उभी करायचे नायत. हे तरी लेकीच्या घरात ऱ्हाऊ दे.”

आठ दिवस ती त्या पाच मडक्यांपाशी बसली होती. त्या दिवसांत ती गुणगुणायची, तेही मी पहिल्यांदाच ऐकलं. मी वरून झिलई दिली, भट्टी लावली आणि बुडाशी सवयीने माझी सही केली. तिने ती पाहिली आणि मडकं सरळ करून ठेवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची तिला सवय झाली होती, आणि मला ती सोयीची होती.

लग्नात दगडूने मला नारळ दिला, फेटा बांधला, पुढच्या सतरंजीवर बसवलं. हौसाबाई मागच्या दारी, चुलीजवळ. तिथून बोहलं जेमतेम दिसत असेल.

हळद लागलेली कलावती उतरंडीची पूजा करायला आली. कुंकू लावता लावता तिचा हात थांबला. वेलीतल्या कोऱ्या पानावर. आईची ती वेल बघतच वाढलेली पोर, तिला ते पान लगेच ओळखू आलं. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. हौसाबाई हसली. मला वाटलं, आता पोरगी रडेल, आईकडे धावेल.

कलावती भेदरली होती. तिने तांब्यातल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि ते पान घासलं. मग पदराचं टोक ओलं करून घासलं, जोर लावून. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “मास्तर, हे जात नाय का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्याच वेळी उठून ओरडायला हवं होतं की अख्ख्या कल्याणात असा हात नाही, आणि तो तुझ्या आईचा आहे. पण डोक्यावर फेटा होता, मांडीवर नारळ होता. मी अक्षता हातात घेऊन बसलो.

मडकी सासरी गेलीच नाहीत. चार दिवसांनी दगडूने ती हातगाडीवरून आणून दिली. पोरगी ‘माझ्या घरात नकोत’ म्हणते, का ते सांगत नाही, असं म्हणाला. हौसाबाई माती मळत होती. तो गेल्यावर तिने हात धुतले, पदराला पुसले.

“लेकीनं घासून बघितलं, मास्तर,” ती म्हणाली. “तुमच्यापुढं एकच मागणं. ही फोडा. मला फोडवत नायत.”

मी हो म्हणालो. त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात ती पाचही मडकी मी मधल्या टेबलावर मांडली.