नववं फूल

नेवेना तोपालोवा अकरा वर्षांची असल्यापासून मेलेल्यांची नावं टाइप करत आली होती. तिच्या आईचं छपाईचं दुकान इस्पितळाच्या फाटकासमोर. कोणी गेलं की घरचे लोक तिथूनच निधनपत्रकं छापून नेत आणि दारांवर, खांबांवर, बसथांब्यांवर चिकटवत. वर क्रॉस, मध्ये फोटो, भोवती काळी चौकट. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. शाळेत त्यामुळे तिला 'मयतवाली' म्हणत. हे नाव ठेवलं कालिनाने, आणि कालिनाने ठेवलेलं नाव टिकायचंच, कारण मुख्याध्यापिका द्रेन्स्काबाई तिची सख्खी मावशी.

पण मयतांनीच नेवेनाला हात दिला होता. लांबलचक नाव अरुंद जागेत कसं बसवायचं, अक्षरांमध्ये मोकळीक किती सोडायची, वाईट फोटोतून चांगला माणूस कसा वर काढायचा, हे सगळं ती त्या दुकानात शिकली. गेल्या वर्षीचं शाळेचं वार्षिक तिने एकटीने मांडलं होतं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. अंक छापून आला तेव्हा श्रेयनामावलीत होतं, 'कला व मांडणी: कालिना पेत्किना'. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'टंकलेखन: ने. तोपालोवा'. पोरीचं नावसुद्धा पुरतं नाही. त्या अंकाला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं आणि बक्षीस म्हणून राजधानी सोफियातल्या मुद्रणकलेच्या एका मोठ्या स्टुडिओत तीन आठवडे शिकायची संधी. कालिना गेली, केस कापून परत आली आणि महिनाभर सगळ्यांना 'आमच्या स्टुडिओत' ऐकवत राहिली.

नेवेना साहित्य शिकवणाऱ्या किर्कोव्ह सरांकडे गेली. वार्षिकाचे संपादक तेच.

"सर, तो अंक मी केला होता."

"मला माहीत आहे गं," सर चष्मा पुसत म्हणाले. "पण द्रेन्स्काबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालंय. आत्ता हा विषय नको. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी माझं नाव घालाल?"

"बघू म्हटलं ना!"

बघू म्हणणारा माणूस कधी काही बघत नाही, हे नेवेनाला कळत होतं. तिने भांडण केलं नाही. राग गिळला म्हणतात, पण तिने तो गिळला नाही, जपून ठेवला.

यंदाचा अंक एका कादंबरीवर बेतायचं ठरलं. गावातल्याच एका निवृत्त डॉक्टरांनी ती लिहिली होती. तिच्यातला म्हातारा छापखानेवाला लोकांची निधनपत्रकं ते जिवंत असतानाच छापतो. आपल्याबद्दल चार बरे शब्द माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावेत, एवढाच त्याचा हेतू. कादंबरी सगळ्यांना आवडली होती. द्रेन्स्काबाईंनी दोघी मुलींना खोलीत बोलावलं.

"संकल्पना कालिनाची. तू आपलं कॉम्प्युटरवर बसवून दे, तोपालोवा."

बाहेर येताच कालिना म्हणाली, "मयतवाले, यंदाचा विषय तुझ्या घरचाच की! तुला तर झोपेतही जमेल."

"जमेल," नेवेना म्हणाली.

पुढचं वर्ष शालान्त परीक्षेचं, म्हणजे हा तिचा शेवटचा अंक. तिने जीव ओतून काम केलं. प्रत्येक लेख निधनपत्रकाच्या घाटात बसवला. बारीक काळी चौकट, अंडाकृती फोटो, वर क्रॉसऐवजी छापखान्यातलं एखादं जुनं अक्षर. पानं इतकी देखणी झाली की तिचीच तिला दृष्ट लागावी. आणि तिसऱ्या पानावर, प्रथेप्रमाणे, मुख्याध्यापिकांचा फोटो आणि शुभेच्छा.

"मावशीच्या फोटोखाली फुलं घाल," कालिनाने फर्मावलं. "कार्नेशन. नऊ."

नऊच म्हणणार. जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, सम फुलं थडग्यावर, हे तिथली पोरं बोबडं बोलायच्या आत शिकतात. फुलवाली गिऱ्हाइकाला आधी विचारते, "आनंदाचं की दुःखाचं?" आणि मगच देठ मोजते.

नेवेनाने नऊ फुलं काढली. आठ फोटोखाली दाटीने, आणि नववी एक कळी जरा बाजूला, पानाच्या कडेकडे झुकलेली. छापील पानाची कडा मशीनवर कापली जाते, म्हणून चित्र बाहेर थोडं वाढवून ठेवतात. ही वाढीव पट्टी तीन मिलिमीटरची असते. नेवेनाने ती दीड सेंटीमीटरची ठेवली आणि कळी नेमकी त्या पट्टीत उभी केली. बाईंचं ऑपरेशन ती विसरली होती असं नाही. चांगलं आठवत होतं.

न कापलेला नमुना शाळेच्या प्रिंटरवर निघाला. द्रेन्स्काबाईंनी बोट ठेवून मोजलं, "सात, आठ, नऊ. सुरेख गं, कालिना." कालिनाने आधी श्रेयनामावलीतलं स्वतःचं नाव वाचलं, मग सहज विचारलं, "ही कडेची बारीक रेघ कसली?"

"कटिंगची," नेवेनाने खरं ते सांगितलं.

"बरं बरं."

तिने त्या क्षणी 'म्हणजे काय?' एवढं विचारलं असतं, तर नेवेनाने सांगितलं असतं का? कोण जाणे. तिने विचारलं नाही. चोराला माल हवा असतो, तो बनतो कसा याच्याशी त्याला काय करायचंय?

चोवीस मे हा अक्षरांचा सण. सभागृहात लिपी देणाऱ्या दोघा संत भावांच्या चित्राला फुलांची माळ चढली होती, गाणं झालं होतं, पालक घामाघूम बसले होते. पहिल्या रांगेत सोफियाच्या स्टुडिओच्या लोझानोवाबाई, बक्षिसाच्या परीक्षक. छापखान्यातून थेट आलेले गठ्ठे तिथेच फोडून अंक वाटले गेले. लोझानोवाबाईंनी मुखपृष्ठ पाहिलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"हे कोणी केलं?"

"मी," कालिना माईकपाशी जाऊन म्हणाली. "एकेक रेघ माझ्या हाताची आहे. कोणाची म्हणून मदत घेतली नाही."

टाळ्या पडल्या. टाळ्या पुरत्या थांबल्याही नव्हत्या, तोच मागून कुणाची तरी आजी खणखणीत आवाजात म्हणाली, "अगो बाई, आठच की ही!"

मग सगळीकडे पानांची सळसळ. कोणी छातीवर क्रुसाची खूण केली, कोणी अपशकुन टळावा म्हणून तीनदा थू-थू केलं. द्रेन्स्काबाईंनी तिसरं पान उघडलं. काळी चौकट, मध्ये त्यांचा फोटो, खाली आठ कार्नेशन. त्यांचा हात छातीकडे गेला.

"कालिना, हे काय आहे?"

"मावशी, नऊ होती! तूच मोजलीस ना!"

लोझानोवाबाईंनी पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "नववं कटिंगच्या रेघेबाहेर होतं, मशीनखाली गेलं. या धंद्यात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आमच्याकडे तीन आठवडे होतीस ना तू? आणि एकेक रेघ तुझ्याच हाताची, असंच म्हणालीस?"

कालिनाला पळायला दोनच वाटा होत्या. मावशीचं मरण चिंतलं म्हणायचं, नाहीतर खरं बोलायचं.

"मी नाही केलं!" ती किंचाळली. "मला यातलं काही येत नाही! सगळं नेवेनाने केलंय!"

"सगळं म्हणजे?"

"सगळं! मुखपृष्ठ, पानं, अक्षरं, सगळं!"

"आणि गेल्या वर्षीचं?"

"तेसुद्धा!" कालिना हुंदके देत खाली बसली.

शेवटच्या रांगेत नेवेनाने मांडीवरचा अंक मिटला. हेच वाक्य तिला हवं होतं, याच तोंडून, याच माईकवर. खुर्चीत कोसळलेल्या द्रेन्स्काबाईंना कोणी पाणी देत होतं, त्यांचे ओठ पांढरे पडले होते. नेवेनाला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. आनंद त्याहून पुष्कळ जास्त होता.

"तोपालोवा," बाई कशाबशा म्हणाल्या, "हे चुकून झालं ना?"

"चुकून झालं म्हण, बाळ," किर्कोव्ह सर कानाशी येऊन कुजबुजले. "विषय संपेल. बक्षीससुद्धा तुलाच मिळेल."

नेवेना उभी राहिली. चूक? अकरा वर्षांची असल्यापासून तिने एकाही मयताचं नाव कधी चुकवलं नव्हतं.

"माझ्या कामात चुका नसतात, मॅडम. मोजून ठेवलं होतं."

बक्षीस दुसऱ्याच गावच्या शाळेला गेलं. निघताना लोझानोवाबाईंनी नेवेनाला जिन्यात गाठलं.

"दुष्ट आहेस," त्या म्हणाल्या. "पण हात चांगला आहे. पुढच्या महिन्यात ये माझ्याकडे. फक्त काम तुझंच आहे असं शाळेकडून लेखी आण. गेल्या वेळी फसले, आता तोंडी काही चालणार नाही."

"शाळा मेली तरी लिहून देणार नाही."

"मग अवघड आहे, मुली."

तिसऱ्या दिवशी फळ्यावर आदेश लागला. त्यातला शब्दन् शब्द कालिनाच्या आईने ऑफिसात ठाण मांडून घालून घेतला होता, आपल्या लेकीवर शिंतोडाही नको म्हणून: 'विद्यार्थिनी नेवेना मिंचेवा तोपालोवा हिने वार्षिकाच्या गेल्या व चालू वर्षीच्या दोन्ही अंकांची संपूर्ण कला व मांडणी एकटीने, इतर कोणाचाही सहभाग नसताना केली असून, चालू अंकात हेतुपुरस्सर…' खाली शिक्षा: शाळेतून काढून दुसरीकडे पाठवण्याची ताकीद. त्याखाली द्रेन्स्काबाईंची सही.

नेवेनाने तो सावकाश, दोनदा वाचला आणि ऑफिसात गेली.

"या आदेशाची सही-शिक्क्याची एक प्रत हवीय," ती म्हणाली.

"लोक असले कागद फाडून फेकतात," कारकून बाई म्हणाल्या. "तुला कशाला गं हवाय?"

"सोफियाला पाठवायचाय. काम माझंच आहे, याचा पुरावा म्हणून."

बाईंनी दाराकडे एक नजर टाकली, शिक्का चांगला शाईत बुडवला आणि जोर लावून उमटवला.