शिष्यवृत्ती वाटणारा माईक

"खुर्च्या भाड्याच्या, पावना फुकटचा. म्हणून येतोय निवांत," शिक्षण मंडळाचे सेक्रेटरी भिकाशेठ माझ्या तोंडाशीच पुटपुटले. मग मला टपली मारून मोठ्यानं म्हणाले, "हॅलो, हॅलो."

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. डोक्याला पोचे पडलेत, जाळीत कित्येक भाषणांची थुंकी साठली आहे. पुण्याच्या दुकानातून मी आधी बेल्ह्याच्या बैलबाजारात आलो. "पांढरं खोंड सुटलंय, धनी कोण?" असं माझ्यातून कुणी विचारलं, की धनी धावत यायचा. तेव्हा वाटायचं, आपण बोललो की काम होतं.

पुढं जवळच्या एका गावातल्या शिक्षण मंडळानं मला विकत घेतलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारावी सायन्सला गावात जो पहिला येईल, त्याची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी मंडळ देणार, ही घोषणा माझ्यातूनच झाली. इतक्या टाळ्या पडल्या की मीच शिट्टी मारली.

त्याच वर्षी तिला दोन नियम चिकटले. आधी फी भरल्याची पावती दाखवायची. आणि पैसे मिळणार ते स्टेजवर, पाहुण्यांच्या हस्ते. पाहुणे मोकळे होतात मार्गशीर्षात. कॉलेज फी मागतं आषाढात. मधले महिने पोरानं जागा कशी धरायची, एसटीत टाकतात तसा रुमाल टाकून?

म्हणजे ज्याच्या घरात फी भरायची सोय आहे, त्यालाच फी मिळते. पहिला आलेला पोरगा शाल-नारळ घेऊन खाली उतरतो आणि शिष्यवृत्ती सरकत सरकत पावतीवाल्याच्या हातात जाते. दरवर्षी. आणि दरवर्षी माझ्यातूनच सांगतात, ही गुणवत्तेची कदर. रागानं माझा आवाज चिरकतो. लोक म्हणतात, वायर खराब झाली.

एरवी मी मंडळाच्या ऑफिसातल्या कपाटात पडून असतो. दोन हजार तीन साली उज्ज्वला आणि तिची आई साळुबाई तिथं आल्या. डोंगराकडची भातशेतीवाली माणसं. इथं गावात मावशीकडं राहून शिकलेली पोर बारावीला पहिली आली होती.

"पुण्याला नंबर लागलाय हिचा, भाऊ," साळुबाई म्हणाली. "सोमवारपत्तोर फी भरायची, न्हाई तर जागा दुसऱ्याला जाती. तेवढं आत्ताच द्या."

अध्यक्ष भगवंतराव गोड हसले. "पैसं तुमचंच हायेत, ताई. पावती आणा, पावणं आलं की घेऊन जा."

"पण पावती पैशाबिगर कशी मिळंल?"

"नियम हाय. तुमच्यासाठी मोडला तर लोक नावं ठेवतील."

उज्ज्वला कपाटाच्या काचेत बघत वेणी सारखी करत राहिली. वेणी सरळच होती. मी कपाटात होतो, वायर गुंडाळलेला. काय करणार?

सोमवार गेला. जागाही गेली.

मार्गशीर्षात पाहुणे आले. उज्ज्वलाला शाल, नारळ, टाळ्या. फीचं पाकीट सुदर्शन नावाच्या पोराला. तो गुणांत बराच मागं होता, पण पावती मात्र लॅमिनेट करून आणली होती. पोराचा दोष नाही, खाली मान घालूनच त्यानं पाकीट घेतलं.

मग भगवंतराव मला हातात धरून म्हणाले, "कुमारी उज्ज्वलानं स्वतःच्या आवडीनं बी. ए.ला प्रवेश घेतलेला आहे. तिच्या मातोश्रींनी दोन शब्द बोलावेत."

हे खोटंही माझ्याच तोंडून गेलं. मित्रांनो, मला फडक्यात गुंडाळून जपा असं मी सांगणार नाही. पडू द्या आणखी पोचे. पण माझ्यातून काय बोललं जातं, ते तेवढं जपा. मी आवाज मोठा करतो म्हणून खोटं खरं होत नाही.

साळुबाई माझ्यासमोर उभी राहिली. आभार मानले जातील म्हणून पाहुणे आधीच हात जोडून बसले.

"आवडीनं न्हाई घेतला," ती म्हणाली. "जागा गेली हिची."

भिकाशेठ माझं बटण बंद करायला उठले. तिनं बटणावर अंगठा ठेवला.

"हे हुशारीचं बक्षीस न्हाई. ज्याला फी भरता येती, त्याला तुमी फी देताय. आन् हितं बसलेल्या समद्यांना ते पयल्या सालापासनं ठावं हाय."